घरातल्या मोठ्यांना पहिला कॉम्प्युटर शिकवताना

माझी आत्या वाईला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळून ती निवृत्त झाली, आता वय ६९. व्हॉट्सॲप, यूट्यूब, फोनवरून पैसे पाठवणं हे सगळं तिला सहज जमतं. कॉम्प्युटरला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. तिच्या शाळेत तो आला तेव्हा प्लॅस्टिकचं कव्हर घालून कपाटाशेजारी ठेवलेला असायचा, आणि "बिघडला तर भरून कोण देणार?" म्हणून सगळेच लांब राहायचे. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "अगं, अण्णांच्या वह्या टाइप करून ठेवायच्यात. फोनवर दोन ओळी लिहिल्या की बोटं भरून येतात. मला कॉम्प्युटर शिकवशील का?"

अण्णा म्हणजे माझे आजोबा. शेती, पाऊस, देणीघेणी, लग्नकार्यं असं चाळीसेक वर्षांचं टिपण त्यांनी ठेवलं होतं. त्या वह्यांच्या निमित्ताने आत्याला शिकवताना मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यातून काही गोष्टी पक्क्या समजल्या. तुमच्या घरी आई, मामा, सासरे, मावशी, कुणीही पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसणार असेल, तर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या तुमच्यासाठी हा लेख आहे. यातली माहिती विंडोज ११ च्या लॅपटॉपची आहे, कारण दुकानात बहुतेकांना तोच मिळतो.

आधी काम ठरवा

"कॉम्प्युटर शिकायचाय" हे काम नव्हे. "अण्णांच्या वह्या टाइप करायच्यात" हे काम आहे. सोसायटीचे हिशेब, भजनांचा संग्रह, नातवाशी मोठ्या पडद्यावर बोलणं, जुन्या फोटोंची मांडणी, काहीही चालेल, पण ते त्यांच्या मनातलं असावं. तुमच्या सोयीचं काम त्यांच्या गळ्यात बांधू नका. मी सुरुवातीला आत्याला वीजबिल भरायला शिकवणार होते. ती म्हणाली, "ते मी फोनवर भरतेच की." खरंच होतं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखलाही आता 'जीवन प्रमाण' या सरकारी सोयीमुळे फोनसमोर चेहरा धरून देता येतो. फोनवर जे नीट चाललंय ते फोनवरच राहू द्या. कॉम्प्युटर हवा तो लांबलचक लिहिण्यासाठी, मोठ्या अक्षरात वाचण्यासाठी, दोन कागद शेजारी शेजारी ठेवून काम करण्यासाठी.

कोणता घ्यावा

डेस्कटॉपचा पडदा मोठा असतो आणि बसायची पद्धतही चांगली राहते, पण वीज गेली की सेव्ह न केलेलं लिखाण जातं. त्यावर यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवणारी बॅटरी) हवा, मग वायरींचं जाळं. तालुक्याच्या गावी माझं मत लॅपटॉपच्या बाजूने आहे. मात्र त्याला वायरचा वेगळा माउस लावायचाच. टचपॅडवर पहिले धडे देऊ नका. थरथरत्या बोटांना ते फार छळतं.

पडदा १५.६ इंच, रॅम ८ जीबी, आणि साठवणीसाठी एसएसडी एवढं पाहा. भाच्याचा किंवा मुलाचा जुना लॅपटॉप द्यायचा विचार असेल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे आधी तपासा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारं यंत्र नवशिक्याच्या हाती देणं बरोबर नाही. शिवाय कुरकुरत चालणाऱ्या जुन्या यंत्रावर शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. बटण दाबून दहा सेकंद काहीच झालं नाही की ते पुन्हा दाबतात, मग तिसऱ्यांदा, आणि मग एकदम तीन खिडक्या उघडतात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: चष्मा. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा वापरणारी माणसं पडदा वाचायला हनुवटी वर करून बसतात, कारण वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. अर्ध्या तासात मान धरते आणि दोष कॉम्प्युटरला जातो. पडदा साधारण हातभर लांब ठेवा, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली येऊ द्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना "मला एवढ्या अंतरावरचं वाचायचंय" असं हात लांब करून दाखवायला सांगा. त्या अंतराचा चष्मा वेगळा मिळतो. आत्याची निम्मी तक्रार त्या चष्म्यानेच गेली.

दिवाणावर मांडी घालून लॅपटॉप नको. टेबल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, डावीकडे वही ठेवायला जागा.

त्यांच्यासमोर ठेवण्याआधीची एक संध्याकाळ

नवं यंत्र खोक्यातून काढून थेट त्यांच्यापुढे ठेवू नका. आधी एक पूर्ण संध्याकाळ तुम्ही त्यावर घालवा. अपडेट पूर्ण होऊ द्या. दुकानातून येताना टाकलेलं, थोड्या दिवसांनी पैसे मागणारं अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच आणि घरच्या वापराला तो पुरतो. ते दुसरं राहिलं तर रोज लाल अक्षरात "तुम्ही धोक्यात आहात" असं भिववत राहील.

मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. टेक्स्ट साइझची पट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते. मी आत्यासाठी १४० वर ठेवली. तिथेच माउस पॉइंटरचा आकार आणि रंग बदलता येतो. बाण मोठा आणि ठळक रंगाचा करा. माउसच्या जादा सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा, आणि कंट्रोल बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळ दिसेल अशी सोय चालू करा. "बाण हरवला" ही तक्रार रोजची असते.

की-बोर्डची एक सेटिंग फार थोडे लोक बदलतात. मोठ्या वयात बोट बटणावरून लगेच उचललं जात नाही, आणि मग पडद्यावर 'ककककक' उमटतं. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये की-बोर्ड उघडून रिपीट डिलेची पट्टी 'लाँग'कडे न्या. तळहात लागून कर्सर भलतीकडे उडतो, त्यासाठी माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील असं करा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीज विचारणारी खिडकी येते, तीही बंद करा.

ब्राउझरमध्ये सगळ्या वेबसाइटना नोटिफिकेशन पाठवायला मनाई करा. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या खोट्या व्हायरसच्या भीतीपैकी बरीचशी या एकाच दारातून येते.

खातं त्यांच्या नावाने आणि त्यांच्याच मोबाइल नंबरवर काढा. आपला नंबर टाकायचा मोह होतो, लवकर उरकतं म्हणून. पण सहा महिन्यांनी रात्री दहा वाजता ओटीपी तुमच्याकडे येतो आणि शिकणारे तिकडे ताटकळत बसतात. यंत्राचं मुख्य खातं तुमच्याकडे ठेवून त्यांना साधं खातं द्या, म्हणजे चुकून काही बसवलं जाणार नाही. शेवटी डेस्कटॉपवर, म्हणजे चालू केल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर, चारच चित्रं ठेवा: लिहायचं, इंटरनेट, त्यांचं फोल्डर आणि कचरापेटी. लिहायला मी लिबर ऑफिस रायटर बसवून दिलं. ते मोफत आहे आणि त्यात मराठी नीट उमटतं.

विंडोजचे मेनू मराठीत करावेत का? मी केले आणि महिन्याभरात परत इंग्रजीत आणले. कारण अडल्यावर शेजारचा मुलगा, दुकानदार, फोनवर मी, सगळे 'सेव्ह', 'फाइल', 'क्लोज' असंच बोलतो. ज्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात त्यांच्यासाठी तेच सोपं पडतं. ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी मराठी मेनू जरूर ठेवा.

पहिला दिवस: ठिपक्यांची रांगोळी

पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी. चालू करणं, माउस, बंद करणं. वेळ चाळीस मिनिटं. बंद करणं मुद्दाम शिकवा, कारण झाकण मिटलं की बंद झाला असं सगळ्यांना वाटतं.

फोनवर बोट लावलं की काम होतं. माउसमध्ये हात टेबलावर आणि बाण पडद्यावर, यांची सांगड मेंदूला घालावी लागते. आपल्याला ती कधी घातली हे आठवत नाही, म्हणून ती अवघड आहे हेच आपण विसरतो. १९९० साली विंडोजसोबत आलेल्या पत्त्यांच्या खेळाने असंख्य लोकांचा हात माउसवर बसवला. आज त्या खेळात जाहिराती येतात. त्यापेक्षा पेंट उघडा आणि रांगोळी काढायला सांगा.

जाड ब्रश निवडून द्या. पाच ओळी, प्रत्येकीत पाच ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक क्लिक. मग ठिपके जोडायचे, म्हणजे बटण दाबून धरून ओढायचं. रेघ वाकडी गेली तर कंट्रोल आणि झेड. शेवटी रंगाची बादली घेऊन कप्पे भरायचे. क्लिक, ओढणं, चूक पुसणं, साधन निवडणं हे सगळं अर्ध्या तासात हाताखालून जातं, आणि एकदाही "हा माउसचा सराव आहे" असं म्हणावं लागत नाही. आत्याने पहिल्या दिवशी साधं कमळ काढलं, दुसऱ्या दिवशी सात ठिपक्यांची कासवांची रांगोळी.

माउस टेबलाच्या कडेला पोचला तर उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, हे सांगावं लागतं. आत्या खुर्चीसकट सरकत होती. डबल क्लिक जमत नसेल तर सोडून द्या: एकदा क्लिक करून एंटर दाबलं की तेच होतं. उजवं बटण पहिल्या आठवड्यात नकोच.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माउस तुमच्या हातात घेऊ नका. शिकणारे चाचपडत असतात, आपल्याला घाई असते, आणि आपण "थांब, मी दाखवते" म्हणून तीन क्लिकमध्ये करून टाकतो. ते बघतात, मान डोलवतात, आणि त्यांना काहीच येत नाही. मी पहिल्या दोन दिवसांत हे इतक्या वेळा केलं की तिसऱ्या दिवशी आत्या मला शांतपणे म्हणाली, "पहिलीच्या पोराची पाटी घेऊन बाईंनीच अ काढला, तर तो अ कुणाचा?" त्यानंतर मी हात मांडीवर ठेवून बसायला लागले. शेजारी बसायचं, पडद्याकडे बोट दाखवायचं, पण पडद्यालाही लावायचं नाही. शब्दांत सांगायचं: "वर, डाव्या कोपऱ्यात, अजून थोडं वर, हां, तिथे."

मराठी टायपिंग

इथे वेळ द्या, घाई अजिबात नको.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली भाषा वाढवायची सोय आहे. तिथून मराठी घेतली की दोन की-बोर्ड मिळतात. एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहायचं आणि मराठी उमटतं. दुसरा इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची बटणं. विंडोजचं बटण आणि स्पेस बार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण बदलते. टाइप करण्याआधी त्या खुणेकडे पाहायची सवय लावा.

ज्यांची बोटं आयुष्यभर इंग्रजी टायपिंगवर फिरली आहेत त्यांना फोनेटिक द्या. बाकी सगळ्यांना माझ्या मते इनस्क्रिप्टच. अवघड आहे असा त्याचा बोलबाला आहे, पण तो इंग्रजी डोक्यात धरून बघणाऱ्यांनी केलेला आहे. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला त्यातली रचना लगेच दिसते. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. एकाच बटणावर क आणि शिफ्टसह ख, त्याच रीतीने ग-घ, च-छ, ज-झ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ल आणि ळ शेजार सोडत नाहीत, स आणि श पण नाहीत. आत्याने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर अल्पप्राण-महाप्राण लावलेत!" पुढचं तिने स्वतःच समजून घेतलं. बटणांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर बाजारात मिळतात. ते लावून द्या.

धडे मात्र पहिलीच्या पुस्तकासारखे क्रमाने घ्या. फक्त मधल्या ओळीवर बोटं ठेवली तरी पुरेसे शब्द होतात. इंग्रजी एच वर प, जे वर र, के वर क, एल वर त, आणि त्यापुढच्या बटणावर च. डाव्या हाताला ए वर ओकाराची मात्रा, एस वर एक मात्रा, डी वर पाय मोडायचं चिन्ह, एफ वर पहिली वेलांटी, जी वर पहिला उकार. एवढ्यावर होणारे शब्द: कर, तर, पोर, चोर, तेच, पुरे. मग जोडाक्षर: त, पाय मोडा, र, झालं 'त्र'. म्हणजे पत्र, चित्र, पुत्र, कुत्रे, चरित्र. पहिल्याच दिवशी 'चरित्र' लिहिता आलं याचं आत्याला फार अप्रूप वाटलं.

एक खोडा सगळ्यांना बसतो. कागदावर पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, इथे ती अक्षरानंतर टाइप करायची, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने: आधी च, मग वेलांटी, ती आपोआप डावीकडे जाऊन बसते. ज्यांनी जुन्या टाइपरायटरवर काम केलंय त्यांना हे विशेष जड जातं, त्यांना दोन दिवस जास्त द्या.

दुसरा खोडा खास मराठीचा. र ला पाय मोडून य जोडला की रफार येतो: सूर्य, आचार्य. पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला र तसा येत नाही. त्यासाठी जे च्या बटणावर शिफ्टसह मिळणारा ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि य जोडायचा. हे माहीत नसल्यामुळे शिकलेली माणसंही 'दुसर्या' लिहून मोकळी होतात. आत्याला मी 'आचार्यांना जेवण वाढलं' आणि 'आचाऱ्यांना जेवण करायला सांगितलं' ही दोन वाक्यं दिली. ती तिने वहीत लिहून ठेवली आहेत.

रोज पाच ओळी पुष्कळ झाल्या. महिन्याभराने, हात बसल्यावर, गूगल डॉक्समधलं बोलून टाइप करणं दाखवा. तिथे मराठी चालते. वही समोर धरून वाचायची आणि नंतर चुका दुरुस्त करायच्या. हे पहिल्याच दिवशी दाखवलं तर टायपिंग शिकलंच जात नाही, आणि चुका दुरुस्त करायला तर टायपिंग लागतंच.

गावातल्या छपाईवाल्याने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप करायला सांगितलं तर ऐकू नका. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ते लिखाण नुसती चिन्हं म्हणून दिसतं. युनिकोडमध्ये (वरच्या दोन्ही की-बोर्डनी उमटतं ते) लिहिलेलं फोनवर, मेलमध्ये, कुठेही तसंच दिसतं, आणि त्यात शब्द शोधताही येतो.

"मी लिहिलेलं गेलं कुठे?"

फोनवर फोटो काढला की तो गॅलरीत असतो, तो कुठे ठेवायचा हे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटर विचारतो. नवशिक्याला सगळ्यात जास्त रडवणारी जागा हीच आहे.

आत्याला मी शाळेच्या कपाटाचं उदाहरण दिलं. कपाट म्हणजे कॉम्प्युटर, कप्पा म्हणजे फोल्डर, वही म्हणजे फाइल. टेबलावर उघडी वही पडली म्हणून ती कपाटात गेली असं होत नाही, उचलून ठेवावी लागते. ते उचलून ठेवणं म्हणजे सेव्ह. सुरुवातीला एकच फोल्डर करा, डेस्कटॉपवर, त्यांनी दिलेल्या नावाने. आमच्या फोल्डरचं नाव 'अण्णांच्या वह्या'. फाइलचं नाव मराठीत देता येतं. 'वही १ पाने १ ते १०' असं नाव ठेवलं की सहा महिन्यांनीही सापडतं. दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस, नुसती आठवण करून न देता, रोज तुमच्यासमोर दहा वेळा दाबून घ्या. बोटाला सवय लागते.

मग मुद्दाम एक फाइल पुसायला लावा. हो, पुसायला. एक निरुपयोगी फाइल करून ती कचरापेटीत टाकायची, कचरापेटी उघडायची, आणि परत आणायची. "बिघडेल" ही भीती समजावून जात नाही. स्वतः काढून टाकलेली वस्तू स्वतः परत आणली की जाते.

एक सावधगिरी तुमच्यासाठी. विंडोज सुरू करतानाच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) पाठवायला लागतो, आणि तिथली मोफत जागा ५ जीबी आहे. फोटो टाकले की ती भरते आणि इशारे यायला लागतात. ते नको असेल तर आधीच बंद करा, आणि प्रतीसाठी एक पेनड्राइव्ह द्या. दर महिन्याच्या संकष्टीला आत्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेते. तारीख कॅलेंडरमध्ये छापलेलीच असते, वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

इंटरनेट, थोडंच

बुकमार्कच्या पट्टीवर पाच-सहा जागा ठेवून द्या आणि पहिले काही आठवडे तेवढ्याच. आत्यासाठी मी मराठी विश्वकोश ठेवला. तो वाईच्याच गंगापुरीत घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, आणि आता सगळा फुकट वाचता येतो. ज्या कचेरीवरून ती वर्षानुवर्षं भाजीला गेली, तिथलं काम घरच्या पडद्यावर उघडलं तेव्हा ती बराच वेळ नुसती नोंदी चाळत बसली. दुसरी जागा शिकागो विद्यापीठाच्या शब्दकोशांची. तिथे मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. अण्णांच्या वहीतले पायली, अधोली, चिपटं ही धान्य मोजायची जुनी मापं तिला माहीत होती, पण काही शब्द तिलाही लागत नव्हते. ते ती आता तिथे शोधते. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पानावरची अक्षरं मोठी होतात, हे याच वेळी शिकवा.

फसवणुकीची तालीम

हा भाग नुसता सांगून उपयोग नाही, तालीम घ्यावी लागते.

कॉम्प्युटरवर येणारा मुख्य फास असा: वाचता वाचता अचानक अख्खा पडदा लाल-निळा होतो, भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं दिसतं. फोन केला की समोरचा गोड बोलून दुरून पडदा बघायचं ॲप बसवायला लावतो, आणि मग बँकेकडे वळतो. यावर त्यांना एकच उपाय शिकवा: चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. यंत्र बंद होतं. लिहिलेलं सेव्ह केलेलं असतंच. मी आत्याला ते माझ्यासमोर दोनदा करायला लावलं, कारण भोंगा वाजत असताना वहीत पाहून काही सुचत नाही.

दूरवरून मदत करायला विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे आणि मी ते वापरते. पण ठग लोकही तेच वापरतात. म्हणून आमचा नियम: आत्याने स्वतःहून मला फोन केला असेल तरच ते उघडायचं. बाहेरून आलेल्या कुठल्याही फोनवर, अगदी माझ्या नावाने आला तरी, नाही.

बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधायचा नाही, पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला घ्यायचा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन, मग बँकेला. हा क्रमांक मी मोठ्या अक्षरात लिहून टेबलाशेजारी भिंतीवर लावला आहे. त्यांना एवढं नक्की सांगा की पैसे गेले तरी घरात कुणी ओरडणार नाही. ओरडा खाण्याच्या भीतीने लपवलेले पहिले दोन तास फार महाग पडतात.

बँकेचे व्यवहार कॉम्प्युटरवर पहिले सहा महिने नकोत, असं माझं मत.

वही आणि फोन

छापील पायऱ्या देऊ नका. दोनशे पानी वही द्या आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्या शब्दांत, त्यांच्या अक्षरात लिहू द्या. आत्याच्या वहीत 'क्लोज' म्हणजे 'वर उजवीकडची फुली' आणि 'मिनिमाइझ' म्हणजे 'खाली दडवणे' आहे. मी लिहिलं असतं तर तसं आलं नसतं, आणि फोनवर बोलताना मला तिचेच शब्द वापरावे लागतात. ईमेलचा पासवर्ड त्याच वहीत लिहिलेला असला तरी चालेल, वही घरच्या कपाटात राहते. बँकेचा पिन मात्र नाही.

फोनवर मदत करताना "काय केलंस?" असं विचारू नका. ते प्रश्नातच दोष दिल्यासारखं होतं. "पडद्यावर काय दिसतंय, वरपासून वाचून दाखव" असं म्हणा. निम्म्या वेळा वाचता वाचताच त्यांना उत्तर सापडतं. नाहीतर फोनने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. आठवड्यातला एक ठरलेला वेळ ठेवा. आमचा रविवारी सकाळी दहाचा असतो, अर्धा तास. मधल्या दिवसांतल्या अडचणी आत्या वहीच्या मागच्या पानावर नोंदते. रविवारपर्यंत त्यातल्या दोन-तीन तिने स्वतःच सोडवून त्यावर रेघ मारलेली असते.

प्रत्यक्ष भेटायला जाल तेव्हा तुमचं काम वेगळं: अपडेट झालेत का, डिस्कवर जागा आहे का, ब्राउझरमध्ये नको ती एक्स्टेन्शन शिरलीत का, पेनड्राइव्हवरची प्रत खरंच उघडते का. हे घरची मंडळी जेवणाची तयारी करत असताना उरका. मग खुर्ची रिकामी करा आणि नवं काय टाइप केलं ते दाखवायला सांगा. गेल्या दिवाळीत आत्याने १९७२ च्या दुष्काळाची पानं उघडून दाखवली, सव्वीस पानं, त्यात 'दुसऱ्या' सगळीकडे बरोबर होतं.